लाडू काकूंच्या हातचे, मग हळदीकुंकवाला काकू का नाहीत?

पत्र : आम्ही बदलापूर पूर्वेला ८४ फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. संक्रांतीनंतर सोसायटीचं हळदीकुंकू असतं. गेल्या वर्षी विकतचे लाडू न आणता आम्ही बायकांनीच एकत्र करायचे ठरवले. केटररकडून मोठं पातेलं आणलं, संध्याकाळी गच्चीवर शेगडी मांडली आणि पाच किलो तिळांचा एकच घाणा घातला. निम्मे लाडू वळून झाले, उरलेलं पातेल्यातच दगड झालं. जे वळले गेले तेही इतके कडक, की घरोघरच्या आजी-आजोबांनी नुसते हातात घेऊन ठेवून दिले. आमच्यात पाक अचूक जमतो तो तळमजल्यावरच्या काकूंना. एवढा मोठा घाणा घालू नका असं त्या सांगत होत्या, कुणी ऐकलं नाही. काकूंचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. लाडवांना त्या येतात, सगळ्यांना शिकवतात आणि कार्यक्रमाच्या दिवशी दार लावून घरात बसतात. त्यांना बोलवावं असं आम्हा काहीजणींना वाटतं. दोन-तीन ज्येष्ठ बायकांचं म्हणणं, प्रथा मोडू नका. लाडू कसे करावेत, आणि काकूंच्या बाबतीत काय करावं?

उत्तर :

ताई, दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी थोडक्यात देते. लाडू अर्ध्या किलोच्या घाण्यांनी करा, गच्चीवर करू नका. काकूंना बोलवायचंच, पण तो विषय मतदानाला टाकून नव्हे. आता सविस्तर.

गेल्या वर्षी काय झालं ते काकूंना आधीच दिसत होतं. पाच किलो तिळांचे वीस-वीस ग्रॅमचे पावणेसहाशेच्या आसपास लाडू होतात. वळायला आठजणी असल्या, तर एकीच्या वाट्याला सत्तर-बहात्तर लाडू. एका लाडवाला वीस-पंचवीस सेकंद धरली तरी अर्धा तास गेला. तिळगुळाचं मिश्रण हाताला वळता येतं ते आठ-दहा मिनिटं, फार तर बारा. त्यात बदलापूरचा जानेवारी. संध्याकाळी सातला गच्चीवर वारा असतो, परातीचा पत्रा थंडगार, गूळ कडेकडेने लगेच आळतो. आणि दुसरं म्हणजे एवढा गूळ एकदा उकळला की गॅस बंद केल्यावरही आतल्या उष्णतेने पाक पुढे जातच राहतो. वर हवा तसा दिसतो, तळाशी चिक्कीचा झालेला असतो. म्हणून वळलेले लाडूही कडक निघाले. हात कुणाचाच चुकला नव्हता. घाणाच मोठा होता.

यंदाचा हिशेब असा धरा. घरटी पाच म्हणजे ४२०, कार्यक्रमाला येणाऱ्या साधारण ११० जणींना एकेक, आणि वॉचमन, सफाईवाल्या मावशी, लिफ्टवाले यांच्यासाठी वीस. एकूण ५५०. एका अर्ध्या किलोच्या घाण्यातून ५५ लाडू निघतात, म्हणजे दहा घाणे पाकातले. अकरावा घाणा बिनपाकाचा, वयस्कर मंडळींसाठी. त्याबद्दल पुढे सांगते. दोन स्वयंपाकघरं ठरवा, दोन्हीकडे पाच-पाच घाणे. एका घाण्याला सगळं धरून अर्धा तास. दुपारी दोनला सुरू केलंत तर पाचपर्यंत आवरून चहा होतो. दुपारीच करा. पंखा बंद, खिडक्या लोटलेल्या.

एका घाण्याला लागतं ते असं: तीळ ५०० ग्रॅम, चिक्कीचा गूळ ५०० ग्रॅम, भाजून सोललेले आणि अर्धवट कुटलेले दाणे १२५ ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस ५० ग्रॅम, डाळं ५० ग्रॅम, तूप एक मोठा चमचा, वेलदोड्याची पूड एक लहान चमचा. अकरा घाण्यांची एकत्र खरेदी करायची तर तीळ साडेपाच किलो, चिक्कीचा गूळ पाच किलो, साधा मऊ गूळ अर्धा किलो, दाणे दीड किलो, कीस आणि डाळं अर्धा-अर्धा किलो, तूप पाव किलो, अख्खे वेलदोडे ५० ग्रॅम. दुकानदाराला ‘चिक्कीचा गूळ’ असं स्पष्ट सांगा. पोळीच्या गुळाचा पाक धरत नाही, त्याचे लाडू दुसऱ्या दिवशी भुगा होतात. खोबऱ्याची वाटी घेताना वास घेऊन पाहा. एक खवट वाटी अख्खा घाणा घालवते.

तीळ पॉलिश न केलेले घ्या, चवीला तेच बरे. नीट चाळून, निवडून घ्या, कारण त्यात बारीक खडे असतात आणि ते दाताखालीच कळतात. धुवायच्या भानगडीत पडू नका. या दिवसांत ऊन कोवळं, तीळ आतून ओलसर राहतात आणि ओले तीळ भाजताना वरून लाल, आतून कच्चे राहतात.

भाजणं आदल्या रात्री घरोघरी वाटून द्या, एका घरी एकच किलो, तोही दोनदा अर्धा-अर्धा. जाड बुडाची कढई, मध्यमपेक्षा कमी आच, हात सतत चालता. आठ-दहा मिनिटांत तीळ फुगतात, तडतडायला लागतात. चिमटीत घेऊन चुरडले की सहज चुरा व्हायला हवा. झाले की लगेच परातीत ओता. गॅस बंद करून कढईतच ठेवले तर तापलेल्या बुडावर भाजत राहतात आणि कडू होतात. कडू तिळाला नंतर कितीही गूळ घाला, काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी घाणा घालायच्या आधी तीळ-दाणे पुन्हा दोन मिनिटं कोमट करून घ्यायचे. हे बहुतेक घरांत सुटतं. पाक गरम आणि त्यात रात्रभर ओट्यावर गारठलेले तीळ पडले, तर पाक तिथल्या तिथे आळतो. मग आपण पाकाला दोष देत बसतो.

आता पाक. इथे काकूंनाच उभं करा, बाकीच्यांनी बघून शिका. गूळ चिरून कढईत तुपाबरोबर घालायचा, आच मंद ते मध्यम. पाणी घालायचंच तर विरघळायला मदत म्हणून एक मोठा चमचा, त्याहून जास्त नाही. गूळ वितळला की आधी मोठे बुडबुडे येतात. मग ते बारीक होतात, फेस वर चढतो आणि रंग थोडा गडद होतो. फेस दिसला की तपासायला लागा. शेजारी वाटीत गार पाणी ठेवलेलं असू द्या. त्यात पाकाचा थेंब टाकायचा. पसरला किंवा विरघळला तर कच्चा. बोटांनी गोळा होतो, दाबला की चपटा होतो पण पाण्यात सुटत नाही, तो गोळीबंद. लाडवाला हाच. गोळी वाटीच्या काठावर आपटल्यावर टण्ण वाजली तर तो चिक्कीचा पाक, लाडवासाठी पुढे गेलेला. या दोन्हींत जेमतेम अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. म्हणून थेंब तपासताना दर वेळी गॅस बंद करायचा, आणि कच्चा निघाला तरच पुन्हा लावायचा. थेंब गार होईपर्यंत कढईतला पाक उकळत ठेवला, तर तुम्ही जो तपासलात तो पाक आणि कढईतला पाक एक राहत नाही.

गॅस बंद करूनच वेलदोड्याची पूड, तीळ, दाणे, कीस, डाळं घाला, भराभर ढवळा, तूप लावलेल्या परातीत उलटा. परातीभोवती चौघीजणी आधीच हाताला तूप लावून बसलेल्या हव्यात. कढई उतरल्यावर हाका मारायला सुरुवात केलीत तर तिथेच दोन मिनिटं गेली. प्रत्येकीने चौदा लाडू वळायचे. आधी सगळ्या मिश्रणाचे चमच्याने छोटे ढीग करून ठेवा आणि मग वळा, कारण सुटे ढीग पटकन हाताला सोसतात, आणि प्रत्येकीचं कुठवर आलं ते दिसतं. पाण्याचा हात लावणाऱ्या बायका असतात. त्याने वळणं सोपं जातं, पण लाडू चिकट होतात आणि कमी टिकतात. तूपच बरं.

मिश्रण आळायला लागलंच, तर परात उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दोन मिनिटं ठेवा, पुन्हा सैल होतं. पाकच पुढे गेला असं तीळ घालण्याआधी लक्षात आलं, तर दोन मोठे चमचे गरम पाणी बेताने घाला (उडतं, तोंड लांब ठेवा), गूळ पुन्हा विरघळू द्या आणि थेंब पुन्हा तपासा. तीळ पडल्यावर मात्र पाकाला मागे आणता येत नाही. तो घाणा सरळ पोळपाटावर लाटून चिक्की पाडा. तीही कुणाला नको होत नाही.

मुलांना या खोल्यांत येऊ देऊ नका. गुळाचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो. भाजलंच तर ताबडतोब नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, चांगली वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद यातलं काही लावायचं नाही. फोड मोठे आले किंवा तोंडावर उडालं तर डॉक्टर.

बिनपाकाचा घाणा आजी-आजोबांसाठी. भाजलेले तीळ ५०० ग्रॅम, दाणे २५०, साधा मऊ गूळ ४५०, चमचाभर तूप, वेलदोडा. तीळ मिक्सरमधून थांबत थांबत जाडसर फिरवा. सलग फिरवलेत तर तेल सुटून लगदा होतो. दाण्याचं कूट आणि किसलेला गूळ घालून पुन्हा एक-दोन वेळा फिरवा. आता थोडं तेल सुटायलाच हवं, त्यानेच ते एकमेकांना धरतं. हाताने मळून लाडू वळा किंवा ताटात थापून वड्या पाडा. कवळी असलेल्यांनाही खाता येतात. या डब्यावर वेगळी चिठ्ठी लावा. सगळ्याच डब्यांवर ‘तीळ, शेंगदाणे’ असं लिहिलेलं असू द्या, दाण्याची किंवा तिळाची अ‍ॅलर्जी असलेलं एखादं मूल सोसायटीत असू शकतं.

लाडू पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, तास-दीड तास परातीत पसरून ठेवा. कोमट भरले की झाकणाला वाफ धरते आणि गूळ पाझरतो.

दिवस निवडताना संक्रांत ते रथसप्तमी हा सगळा काळ तुमच्या हातात असतो, तर नोकरीवाल्यांच्या सोयीचा रविवार धरा. कामाच्या दिवशी मुंबईहून येणारी बाई बदलापूरला उतरून घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. मग ती येत नाही, आणि तिला रस नाही असं समजलं जातं. रविवारी मेगाब्लॉक असला तर बाहेरून येणाऱ्या लेकी-सुनांना दुपारी यायला त्रास होतो, म्हणून वेळ पाचची ठेवा, सातला आटपा. लाडू आदल्या दिवशी, शनिवारी. कार्यक्रमही गच्चीवर नको, क्लबहाऊस किंवा खालचा पॅसेज पाहा. सत्तरीच्या बायका थंडीत दोन तास बसू शकत नाहीत.

वाण एकच ठेवा, सोसायटीचं. प्रत्येकीने आपापलं वाण आणलं, की प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या घरात साचतात आणि कुणी काय दिलं याची तुलना सुरू होते. जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवून देणारे बचत गट तुमच्या भागात सापडतील. शंभर-सव्वाशे पिशव्यांना महिनाभर आधी सांगावं लागतं, हे ध्यानात ठेवा. वर्गणी ऐच्छिक असू द्या. खर्च बोर्डावर लावा, देणाऱ्यांची नावं लावू नका.

त्याच दिवशी बोरन्हाण घालणार असाल तर पाच वर्षांखालच्या मुलांवर अख्खी बोरं, हलवा, शेंगदाणे टाकू नका, ते घशात अडकतात. चुरमुरे आणि फुलं पुरे.

आता काकू.

निमंत्रणाचा कागद लाडवांच्या आधी निघतो, म्हणून पहिलं काम तिथे. त्यावर ‘सौ.’ आणि ‘सुवासिनी’ हे शब्द नकोत. ‘सोसायटीतील सर्व महिला’ एवढंच लिहा. त्यात काकू येतात, बी विंगमधली घटस्फोटित मुलगी असेल तर ती येते, लग्न न केलेली शिक्षिका येते, शेजारच्या मुसलमान किंवा ख्रिस्ती घरातली बाईही येते. कागदावर बदल दोन शब्दांचा आहे, आणि नेमके तेच शब्द वाचून आजवर या बायका दार लावून घेत होत्या.

हा विषय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चेला घेऊ नका. त्या ग्रुपवर काकूही असतील. आपल्याला बोलवावं की नाही यावर चाळीसजणींची मतं वाचणं यापेक्षा न बोलावलेलं बरं. मतदान घेतलं आणि जिंकलात, तरी ज्यांनी विरोधात हात वर केला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काकूंना बसावं लागणार.

ज्येष्ठ बायकांशी एकेकीच्या घरी जाऊन बोला. त्या दुष्ट नाहीत. बहुतेकींच्या मनात आपल्या यजमानांविषयीची भीती असते, आणि ती वादावादीने जात नाही. त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, कुणी कुणाला सक्तीने हळदकुंकू लावणार नाही. करंडा, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी टेबलावर असतील, जिला जे हवं ते ती स्वतः घेईल. त्यामुळे कुणी कुणाच्या हातून कुंकू घ्यायचं हा प्रश्नच उरत नाही. दुसरी गोष्ट हेरवाडची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून पती गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. एका गावाने हे सगळ्यांसमोर ठरवलं. तुम्हाला तर फक्त एक खुर्ची मांडायची आहे. आणि गेल्या वर्षी लाडवांना काकू सगळ्यांबरोबर होत्याच ना, शिकवायला? ही आठवण द्या, पण टोमणा म्हणून नव्हे. काकूंच्या हातचं चालतं आणि काकू चालत नाहीत, यातली विसंगती बहुतेक बायकांना स्वतःलाच जाणवते. बोलून झालं की उत्तर मागत बसू नका, निघून या. मन वळायला दोन दिवस लागतात.

काकूंना निमंत्रण लाडवांच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत देऊ नका. लोकांसमोर त्या ‘बघू’ म्हणतील आणि येणार नाहीत. आठवडाभर आधी, सकाळची कामं आवरल्यावर, तुम्ही आणि त्यांच्या वयाची त्यांना जवळची असलेली एकजण, अशा दोघी जा. कागद हातात द्या. शब्द साधे असू देत: “काकू, रविवारी पाचला यायचंय. कुंकू लावायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, कुणी विचारणार नाही. वाण सगळ्यांना एकच आहे.” ही वाक्यं महत्त्वाची आहेत. अनेक बायकांना येण्याची भीती नसते. तिथे गेल्यावर कुणीतरी करंडा घेऊन समोर येईल, हात क्षणभर थांबेल आणि सगळ्यांचं लक्ष जाईल, त्या क्षणाची भीती असते. तो क्षण येणारच नाही हे आधी कळलं की पाऊल उचलतं. घरात सून असेल तर तिलाही आधी एकटीला गाठून सांगा, म्हणजे घरातून ‘कशाला जाता’ असं कुणी म्हणणार नाही.

कार्यक्रमात काकूंचा सत्कार करू नका. शाल-नारळ देऊन ‘आज आम्ही विधवा भगिनींना सन्मानाने बोलावलं’ असं माइकवर सांगितलंत, तर सन्मानाच्या नावाखाली त्यांना पुन्हा वेगळं काढल्यासारखं होतं. लाडवांबद्दल त्यांचं नाव जरूर घ्या, ते त्यांचं कसब आहे. बसायला मधली रांग द्या, दोन्ही बाजूंना ओळखीच्या बायका. आल्या-आल्या कामाला लावू नका, पाणी द्या, वाणाच्या पिशव्या मोजा असं काही नको. वर्षानुवर्षं अशा बायकांना स्वयंपाकघरात जागा मिळते आणि दिवाणखान्यात मिळत नाही. तुमच्याकडे तेच नव्या रूपात होऊ देऊ नका.

एखादी ज्येष्ठ बाई रागावून आलीच नाही, तर तिचे लाडू आणि वाण दुसऱ्या दिवशी तिच्या घरी पोचवा, बोलणं थांबवू नका. तिच्यासाठी काकूंना थांबायला मात्र सांगायचं नाही.

आणि काकूच नाही म्हणाल्या तर? काहीजणी म्हणतात. तीन वर्षं हा फार मोठा काळ नाही, गर्दीत, गजऱ्यांच्या वासात बसणं एखादीला अजून सोसत नसेल. एकदाच विचारा, आग्रह नको, कारणही विचारू नका. कार्यक्रम संपल्यावर त्याच संध्याकाळी दोघीजणी खाली जाऊन तेच लाडू, तेच वाण त्यांना द्या, दारातून न परतता दहा मिनिटं बसा. आणि पुढच्या वर्षी निमंत्रणाचा पहिला कागद त्यांच्याच घरी घेऊन जा.